रविवारी रेडिएटर बदलू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

मारुती ८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं. तरीही अनेकांच्या दारात ती अजून उभी आहे. तिचा रेडिएटर गळू लागल्यास तो घरीच बदलता येतो. काम सोपं आहे. अवघड आहे ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चारचौघांदेखत करणं. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. आधी हळदीचा विषय मिटवा. गळक्या रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकावी, हे प्रत्येक बिल्डिंगमधल्या एका तरी काकांना ठाऊक असतं. काका थापा मारत नाहीत. हळदीने बारीक भोक बुजतंही. पण भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला कळत नाही, त्यामुळे धड नळ्याही तुंबतात. काकांचे आभार मानून नवा रेडिएटर आणावा.

२. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. झाकणावर बहुधा ०.९ हा आकडा असतो. तेवढ्या जादा दाबाखाली पाणी १०० नव्हे, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. ‘फडकं धरून हळूच उघड, काही होत नाही’ असं सांगणारा नेहमी चार पावलं मागे उभा असतो, याची नोंद घ्यावी.

३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, म्हणजे पंखा अचानक फिरून बोटं जाणार नाहीत. खाली घमेलं ठेवून कूलंट सोडा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

४. होज पाइप चिकटून बसलेला असतो. ओढू नका, पिळा. तरी हलेना तर ब्लेडने उभा चिरा आणि नवा घाला. याच सुमारास तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर येतील. त्यांच्या हाती टॉर्च द्यावा. टॉर्च धरलेला माणूस कमी बोलतो. उजेड मात्र ते बघतील तिकडे पडेल.

५. पंख्याची पिन आणि वरचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. खालचे रबरी बुश जुन्याबरोबर भंगारात जायच्या आत काढून घ्या. नव्याच्या जाळीला हात लावू देऊ नका; त्या पत्र्या बोटानेही वाकतात आणि बोटं पुष्कळ जमलेली असतात.

६. नवा रेडिएटर बुशांवर बसवून बोल्ट, होज, पंख्याची पिन आणि बॅटरीची वायर पुन्हा जोडा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर असल्यास पूर्ण सोडा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. नागपूरच्या मे महिन्यात हीटर लावून आत बसायला कोणी तयार होत नाही. गर्दी इथेच पांगते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन उतरते, तेवढं भरा. बुडबुडे थांबले आणि पंखा एकदा फिरला, की झाकण लावा.

७. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना खालची जमीन बघा. कोरडी असेल तर श्रेय सर्वांचं, वाटून द्यावं. ओली असेल तर एखादी क्लिप सैल आहे. ती आवळायला मात्र एकट्यानेच जावं लागेल, कारण तो सोमवार असतो.