किचन आग्नेयेला, परवानगी कुठे?

डोंबिवलीत फ्लॅट बघायला जाताना पूर्वी काकांच्या ओळखीतले एक शास्त्रीबुवा सोबत असायचे. आता त्यांचं काम मोबाइलमधलं होकायंत्र करतं. नवरा फोन आडवा धरून ओट्यापाशी गोल फिरतो, बायको गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचं अंतर डोळ्यांनी मोजते आणि साइट ऑफिसातला पोरगा मागून सांगत राहतो, ‘सर, आग्नेय एकदम परफेक्ट!’ तेवढ्यात सुई भलतीकडे वळते. वळणारच. फोनमधला चुंबकीय सेन्सर लोखंड जवळ आलं की बावचळतो आणि नव्या बिल्डिंगच्या कॉलमच्या पोटात सळयाच सळया. मग चार पावलं सरकून पुन्हा बघायचं, मनासारखं आलं की थांबायचं. अग्निदेवतेची दिशा अशी शेवटी टीएमटी सळीच्या मर्जीने ठरते.

तरीही मी त्या नवऱ्याला हसणार नाही. त्याने निदान काहीतरी स्वतः तपासलं. ओट्याला पंधरा मिनिटं दिली, नळ सोडून पाहिला, टाइल्सवर टकटक केलं. बांधकाम परवानगीची वेळ आली तेव्हा मात्र पोरगा म्हणाला, ‘रेरा आहे ना साहेब,’ आणि विषय मिटला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. भानगड अशी होती: पालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट आणि त्या बनावट कागदांवर मिळवलेली महारेराची नोंदणी मात्र अस्सल. साइटवर प्रकल्पाचं नाव, ‘पी’ने सुरू होणारा नंबर, सगळं जागच्या जागी. एका आर्किटेक्टने प्रकरण लावून धरलं, तेव्हा हे बाहेर आलं. मग गुन्हे, विशेष तपास पथक, कोर्ट आणि शेवटी रहिवाशांचे मोर्चे. तोवर लोकांनी गृहप्रवेश उरकले होते, हप्ते चालू झाले होते.

इतक्या खिडक्यांतून कागद फिरले, कुठेच कसे अडले नाहीत? कारण प्रत्येक खिडकीला वाटत होतं, मागच्या खिडकीने पाहिलंय. बिल्डरने पीडीएफ चढवली, सोबत ‘सर्व खरे आहे’ असं प्रतिज्ञापत्र जोडलं; नोंदणी झाली. नोंदणी दिसली म्हणून बँकेने कर्ज दिलं. बँकेने कर्ज दिलं म्हणजे वकिलांनी टायटल बघितलंच असणार, असं गिऱ्हाईक म्हणालं. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला. दस्त नोंदवणं म्हणजे आतल्या मजकुराची हमी नव्हे, हे कुणी कुणाला सांगत बसत नाही. पुढे घरपट्टीची पावती आली की शेजारी म्हणणार, बघा, पालिका टॅक्स घेते म्हणजे कायदेशीरच. टॅक्स अनधिकृत बांधकामालाही लागतो, पण पावतीवर पालिकेचं नाव असतं ना! तीसुद्धा फाइलला लावायची. फाइल जाड झाली की मन निवांत.

श्रद्धा म्हणतात ती हीच. फक्त हिला उदबत्ती लागत नाही, इंटरनेट लागतं.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो? गणपती दूध प्यायला तो दिवस. आमच्याकडेही देवळापुढे रांगा, हातात पेले, ऑफिसला दांड्या. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे समजावून सांगणारे त्याच दिवशी पुढे आले होते. त्या रांगेची टिंगल आम्ही सुशिक्षित मंडळी अजून करतो. पण त्या बाईने चमचा स्वतःच्या हातात धरला होता. दूध खरंच जातंय का, हे तिने वाकून पाहिलं होतं. निष्कर्ष चुकला, पण प्रयोग तिचा होता. ४० लाखांचं घर घेताना आपण तेवढंही वाकलो नाही.

आणि हे घडलं कुठे? सांस्कृतिक नगरीत! गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये ज्या गावाने सुरू केली, २०१७ ला ज्याने साहित्य संमेलन भरवलं, जिथे पेपरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दुसऱ्या दिवशी संपादकांना पत्र जातं. परवानगीच्या कागदाचा जावक क्रमांक पालिकेच्या नोंदीत आहे का, हे विचारायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. ‘एवढा अविश्वास बरा दिसत नाही,’ असं घरातलं मोठं माणूस म्हणतं. तेच मोठं माणूस भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघतं.

दोष गिऱ्हाइकाचा नाही, एवढं ठणकावून सांगायला हवं. नोकरदाराने सात सत्तावनची लोकल पकडायची, की नगररचना विभागात जाऊन सही खरी की खोटी ते बघायचं? ते बघायला पगारी माणसं नेमलेली आहेत. त्यांनी न बघितल्याचा भुर्दंड ज्याच्या माथी बसला, त्याला ‘तुम्ही चौकशी करायला हवी होती’ असं ऐकवणारे लोक माझ्या लेखी त्या बिल्डरचे बिनपगारी वकील. शंका घेण्याचं काम नेहमी खालच्याच माणसाने का करावं? वरच्याने शंका घेतली तर तिला छाननी म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

प्रकरण बाहेर आल्यावर, कोर्टाच्या आदेशाआधीच, सुधारणा झाल्या, नाही असं नाही. परवानगीची पालिकेकडून खातरजमा करून मगच नोंदणी, अशी पद्धत आली. जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं झालं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या होर्डिंगवर तो चौकोन तुम्ही पाहिला असेल. सिग्नलला थांबलेला दुचाकीवाला फोन वर धरतो, स्कॅन होतं, साइट उघडते, त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं आणि हिरवा दिवा लागतो. साइटवरचा एकही कागद त्याने उघडलेला नसतो. सिग्नल काही तेवढा मोठा नाही.

हल्ली तर पोरं थेट एआयलाच विचारतात, ‘अमुक बिल्डिंग कायदेशीर आहे का?’ तो बिचारा फार नम्र. सात मुद्द्यांत उत्तर देतो आणि पहिला मुद्दा असतो, रेरा नोंदणी आहे का ते तपासा.