बाकावरचा खर्डा

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात माझी निवड झाली ती अक्षरावर. उंची पाच फूट साडेनऊ इंच, म्हणजे माळ्यावरचा डबा काढायला पुरेशी आणि बास्केटबॉलला अपुरी. पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं तर बारा खेळाडूंचे पात्रता अर्ज भरावे लागतात. जन्मतारीख, बारावी कधी झाली, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर ते का गेलं, प्राचार्यांची सही, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा पडेल असा शिक्का. अकरा पोरं निवडून झाल्यावर सरांनी उरलेल्यांवर नजर टाकली आणि विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलंय रं?" मी हात वर केला. या खेळात हात वर करण्याला फार महत्त्व आहे.

ही गोष्ट १९९८ च्या डिसेंबरातली. त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंतच असत. एक, दोन आणि तीन ही बोटं पंचांना गुण दाखवायला लागत, त्यामुळे ते आकडे खेळाडूंना मिळत नसत. मला पंधरा नंबर मिळाला. तो निवडावा लागला नाही. सगळ्यांनी आपापल्या जर्स्या उचलल्यावर तो आपसूक टेबलावर राहिला होता.

पश्चिम विभागात आम्ही चौथे आलो होतो. विभागातले पहिले चार संघ पुढं जातात, त्यामुळे चौथं येण्यात जो काटकसरीचा आनंद असतो तो पहिल्याला कळायचा नाही. तिथं मुंबईच्या पोरांनी आम्हाला धुतलं. मुंबईचा बास्केटबॉल म्हणजे नागपाडा. त्या गल्ल्यांतून वाढलेली पोरं समोर बघत पाठीमागून पास देतात. त्यांच्याकडून आम्ही काय शिकलो म्हणाल, तर मागं वळून बघायला. पण मिरजेत या तपशिलात कुणाला रस नव्हता. 'पोरगा नॅशनलला चाललाय' एवढीच बातमी गल्लीत पोचली आणि शेजारच्या काकूंनी मला ओवाळलं. मी खेळणार नाही हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

आमचे सर मुळात कबड्डीचे. बास्केटबॉल त्यांच्याकडं आला तो अतिरिक्त कार्यभार म्हणून, जसा भूगोलाच्या मास्तरांकडं चित्रकलेचा तास येतो तसा. बचाव शिकवताना ते "कवर घाल, कवर घाल" म्हणून ओरडायचे आणि आमचा डावा फॉरवर्ड समोरच्याच्या कमरेला खरोखरच मिठी मारायचा. पहिल्या आठवड्यात सरावातच आमचे इतके फाऊल झाले की मोजणारा, म्हणजे मी, दमलो.

ग्रंथालयात या खेळाचं एक जुनं पुस्तक मिळालं. ते वाचून मी सरांना माहिती पुरवायचो. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरानं थंडीत पोरांना आत खेळता यावं म्हणून हा खेळ काढला. पीच ठेवायच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. टोपलीला बूड होतं, त्यामुळे गोल झाला की शिडी लावून चेंडू काढायचा. वर्गात अठरा पोरं होती, म्हणून पहिल्यांदा एका बाजूला नऊ-नऊ जण खेळले.

"नऊ?" सर थबकले. "मग पाचावर कशाला आले? सातावर थांबायचं की!"

पण त्यांना खरा धीर आला तो पुढच्या पानानं. हाच नेस्मिथ नंतर कॅन्सस विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि ज्यानं खेळ जन्माला घातला त्याच्या नावावर तिथं ५५ विजय आणि ६० पराभव लागले. सरांनी हे आकडे माझ्याकडून चांगल्या अक्षरात लिहून घेतले आणि पाकिटात ठेवले. कुलसचिवांनी विचारलंच तर असावेत म्हणून.

आमचं मैदान सिमेंटचं. मधोमध एक चीर गेलेली होती आणि चेंडू तिच्यावर पडला की कुठं जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसायचं. कडी जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटरवर हवी. आमची पूर्वेकडची होती. पश्चिमेकडं कुणीतरी भर टाकून जमीन उचलली होती, त्यामुळे तिकडं आमचा नेम अचूक लागायचा. तिकडच्या कडीवर खेळताना आमचा संघ देशातल्या कुठल्याही संघाला भारी होता, हे मी आजही लेखी द्यायला तयार आहे.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी वेगळी तयारी हवी, असं सरांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी चाली बसवायला सुरुवात केली. चालींना खुणेची नावं हवीत. एक-दोन-तीन म्हटलं तर समोरच्यांना कळणार, इंग्रजी तर त्यांना आमच्यापेक्षा जास्त येणार. "मराठीत ठेवू," सर म्हणाले, "पंजाबात कुणाचा बा मराठी बोलतोय!" सकाळचा सराव उपाशीपोटी असल्यामुळे सगळी नावं खाण्याचीच सुचली.

माणसाला माणूस धरायचा तो 'तांबडा'. जागा धरून उभं राहायचं तो 'पांढरा'. चेंडू मिळाल्याबरोबर विखरून सुसाट पळायचं ते 'भडंग'. चारी बाजूंनी गर्दी करून समोरच्याला गोंधळात पाडायचं ती 'मिसळ'. तेव्हा तीस सेकंदांत चेंडू कडीकडं टाकावा लागे (चोवीसचा नियम २००० साली आला). ते तीस सेकंद नुसते निवांत काढायचे त्याचं नाव 'सोलकढी'. काहीच सुचलं नाही तर चेंडू उंच्याच्या हातात द्यायचा आणि देवाला हात जोडायचे, याला 'पिठलं'. घरात भाजी नसली की तेच करतात. आणि शेवटची, सगळ्यांत जहाल चाल म्हणजे 'खर्डा'. उंच्यानं मध्ये भिंतीसारखं उभं राहायचं, मुंगीनं त्याच्या कडेनं घासून डावीकडं निसटायचं आणि मुंगीच्या मागं लागलेला गडी उंच्यावर आदळायचा. मुंगी म्हणजे आमचा चेंडू खेळवणारा, पाच फूट सहा. उंच्या कोण ते सांगायला नको.

सात नावं आणि सात चाली. मी त्यांचा तक्ता केला. सामना चालू असताना सरांना कुठलं नाव कशाचं हे आठवेना झालं, तर बाकावरून मी सांगायचं ठरलं. थोडक्यात, संघाचं सगळं गुपित ज्याच्याजवळ होतं तो एकटाच खेळणार नव्हता.

गोवा एक्सप्रेसनं निघालो. आईनं हॉर्लिक्सच्या बाटलीत खर्डा भरून दिला होता, खराखुरा, हिरव्या मिरचीचा, लसूण आणि शेंगदाणे घालून तव्यावरच रगडलेला. सोबत वीस भाकऱ्या. भाकऱ्या मनमाडच्या आत संपल्या. भुसावळला केळी घेतली आणि सरांनी दोन बाकांच्या मधल्या जागेत 'खर्ड्या'चा सराव करून घेतला. उंच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहिला आणि त्याच्यावर आदळला तो चहावाला. चाल चालते हे सिद्ध झालं. चहाचे पैसे संघनिधीतून गेले.

पंजाबात पोचलो तेव्हा पहाटेचं धुकं इतकं होतं की बारा माणसं मोजायला सरांनी आवाजी हजेरी घेतली. विद्यापीठाचे ट्रॅकसूट अजून आले नव्हते. ते आम्ही परत आल्यावर तीन आठवड्यांनी आले, आणि त्या उन्हाळ्यात मी तो घालून दळण आणायला जात असे. तोवर उपाय म्हणून सगळ्यांनी वसतिगृहातली ब्लँकेटं पांघरून मैदान बघायला प्रस्थान केलं. तिथल्या एका पोऱ्यानं "बाबाजी, लंगर उधर है" म्हणून वाट दाखवली.

मैदान आत होतं आणि लाकडी होतं. आम्ही दारातच चपला काढल्या. लाकडावर चेंडू जिथं टाकावा तिथून सरळ वर येतो, याची आम्हाला सवय नव्हती. चीर चुकवण्यात मुरलेला आमचा मुंगी मोकळ्या जागेतही उगाच वळसे घेत होता. शिवाय बूट चुईंचुईं वाजायचे. आवाज झाला की प्रत्येक जण दचकून आपल्या बुटाकडं बघायचा.

पहिली मॅच यजमानांच्याच भागातल्या एका विद्यापीठाशी पडली. त्यांचे गडी सराव करताना बघितले आणि आमच्यात शांतता पसरली. त्यांच्यातला सर्वांत बुटका आमच्या उंच्याएवढा होता. सर म्हणाले, "बघून काय घाबरायचं? न बघता खेळा." ही सूचना आम्ही पुढं तंतोतंत पाळली.

शिट्टी झाली. पहिल्याच चेंडूला सर गरजले, "भडंग!" आमची पोरं विखरून पळाली आणि दोन गुण झाले. प्रतिस्पर्धी एकमेकांकडं बघायला लागले. सरांनी माझ्या मांडीवर थाप मारली. दुसऱ्यांदा भडंग म्हटलं तेव्हा मात्र त्यांचा सहा फूट पाच इंचाचा सरदार सेंटर आमच्या आधी जाऊन कडीखाली उभा होता. मग 'पिठलं' झालं, तर उंच्याभोवती तिघं. 'सोलकढी' म्हटल्याबरोबर त्यांनी चेंडू हिसकावून घेतला.

"हे काय मंतर टाकतंय का काय!" सर म्हणाले.

मंत्राची गरज नव्हती. सर नाव सांकेतिक घेत आणि पाठोपाठ त्याचा अर्थ शुद्ध मराठीत, ऐंशी फुटांवर पोचेल अशा आवाजात सांगत. "पिठलं, पिठलं! अरं उंच्याला दे की लेका, वरनं दे!" एवढ्यानं कुणालाही कळलं असतं, फक्त त्याला मराठी यायला हवं होतं.

आणि ते येत होतं. अर्ध्या डावात मुंगी चुकून उजवीकडं वळला, तेव्हा तो सरदार कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाला, "अरे, मिसळ म्हन्ले ना तुमचे सर? मग तू इकडं काय करायलास?"

मुंगीच्या हातातून चेंडू पडला. पोरगं नांदेडचं होतं. हुजूर साहिबच्या मागच्या गल्लीत वाढलेलं, बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं आणि खेळाडूंच्या कोट्यातून पंजाबात कॉलेजला आलेलं. साऱ्या पंजाबात मराठी जाणणारा एक सेंटर निघावा आणि तो आमच्याच वाट्याला यावा!

टाइम-आउट घेतला. सरांनी मिनिटाभरात सगळी नावं बदलली. तांबड्याचं पिठलं केलं, पिठल्याची मिसळ केली. मी तक्त्यावर खाडाखोड केली तेव्हा माझं ते प्रसिद्ध अक्षर मलाच लागेना. पुढची दहा मिनिटं आमचा संघ पाच वेगवेगळे पदार्थ एकाच वेळी शिजवत होता.

एकच चाल मात्र शेवटपर्यंत लागू पडत राहिली. सर तिचं नाव बदलायला विसरले, आणि अर्थही ओरडून सांगितला नाही, कारण तो त्यांना आठवत नव्हता. दर वेळी ते "खर्डा!" म्हणत आणि लगेच वळून माझ्याकडं बघत. मी तक्त्यात बघून मान डोलवायचो. तोवर मुंगी डावीकडून निसटून दोन गुण करून परतही आलेला असे. चार वेळा खर्डा झाला आणि चारही वेळा गुण मिळाले. बाकी हिशोब सांगण्यासारखा नाही. ८८–५१. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेत सोळाव्या मानांकिताला पहिल्या मानांकितावर पहिला विजय मिळायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याआधी सोळावे लोक ओळीनं १३५ सामने हरले होते. आमचा हा पहिलाच होता.

सामन्यानंतर तो सरदार आमच्या बाकाशी आला. सरांच्या पाया पडला. "कोल्हापूरकडचे का तुम्ही? चार वर्षांनी मराठी शिव्या ऐकल्या, लई बरं वाटलं बगा." मग तो माझ्यासमोर उभा राहिला आणि आदरानं हात पुढं केला.

"तुम्ही खर्डा ना?"

मी काही बोललो नाही.

"सर सारखे तुमचं नाव घेऊन तुमच्याकडं बघायलाले. मी आमच्या कोचला सांगितलं, खर्डा म्हणून एक प्लेअर हाय त्यांचा, अजून बाहेर ठेवलाय, शेवटी काढतेत. आमचा सगळ्यात भारी डिफेंडर तुमच्यासाठी बसवून ठेवलता आम्ही. काढलंच नाही राव तुम्हाला."

मागं आमच्या अकरा खेळाडूंची काय अवस्था झाली ते मी पाहिलं नाही. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "त्याचा गुडघा दुखतोय." मीही बाकावरून उठताना किंचित लंगडलो.

रात्री तो आमच्या खोलीवर मेसमधल्या गरम रोट्या घेऊन आला. बाटलीत तळाशी दोन बोटं उरलेलं ते हिरवं त्याच्या रोटीवर वाढलं. उंच्यानं तोंड उघडून सगळं सांगून टाकायच्या आत मी त्याच्या पायावर पाय दिला. सरदारानं घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात आलं, पगडीखाली कपाळ लाल झालं.

"याला काय म्हन्ता तुम्ही?"

कुणी बोलेना. सर पांघरुणात तोंड घालून हलत होते.

"काय नाव सांगा की!" दुसरा घास घेत तो म्हणाला. "आमच्याकडं याला ठेचा म्हन्तेत."