बायकांचं काम नव्हे

पी. डी. जेम्स यांच्या कादंबरीतली कॉर्डेलिया ग्रे १९७२ मध्ये खासगी गुप्तहेर झाली, तेव्हा जो तो तिला बजावत होता, हे बायकांचं काम नव्हे. बरोबरच आहे. कोण कुठे गेलं, कधी परतलं, काय लपवतंय, हे बायकांना कसं कळणार?

पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत सू ग्राफ्टनची किन्सी मिलहोन आणि सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉरशॉस्की एकाच वर्षी धंद्यात उतरल्या. दोघी घटस्फोटित, दोघी प्रश्न विचारायचे पैसे घेणाऱ्या. वाचक भुलले ते इथेच. पिस्तुलं वगैरे ठीक आहेत हो. पण बाईने खोदून खोदून विचारावं आणि समोरच्याने ‘तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?’ न म्हणता फी मोजावी, याहून अद्भुत ते काय?

बोट्स्वानाच्या मा रामोत्स्वेने तर वडिलांची गुरं विकून एजन्सी थाटली. बायकांना हे जमेल का, अशी शंका तिच्या वकिलालाही आलीच.

ग्राफ्टनबाई किन्सीच्या ‘ए’पासून ‘वाय’पर्यंत, अक्षरागणिक एक, अशा पंचवीस कादंबऱ्या लिहून २०१७ मध्ये गेल्या. ‘झेड’चा गुन्हेगार अजून मोकळाच आहे.