भाजणीला मागणी किती?

आमच्या वहिनींच्या चकलीच्या भाजणीला मागणी आहे, हे कळायला डोंबिवलीत कुणाला संशोधनाची गरज नव्हती. दसरा झाला की नातेवाइकांचे रिकामे डबे आपोआप त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. फक्त डब्यांबरोबर पैसे येत नाहीत. म्हणून पुतण्याने भाजणी ऑनलाइन विकायचं ठरवलं. तो डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे दिवसभर लॅपटॉपकडे बघून मान हलवतो.

"आई, आधी कीवर्ड रिसर्च. मग डाळी."

डाळी धुऊन, पंच्यावर पसरून झाल्या होत्या. पण मुलगा शिकलेला, म्हणून वहिनी गप्प बसल्या.

त्याने गूगल ट्रेंड्स उघडलं. वर्षभर आडवी पडलेली रेघ एका ठिकाणी ताडकन उठून बसली होती. "बघ, इथे शंभर!"

"शंभरच माणसं?" वहिनींचा चेहरा उतरला.

ती माणसं नव्हेत. ज्या आठवड्यात शोध सर्वाधिक, त्याला शंभर धरायचं आणि बाकीचे आठवडे त्याच्या प्रमाणात मांडायचे, असा तो हिशेब. मुळात शोधणारे किती, ते ट्रेंड्स सांगतच नाही. "पण स्पाइक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा," पुतण्या गंभीरपणे म्हणाला, "आणि तो दरवर्षी मागेपुढे सरकतो."

"अरे, दिवाळी सरकते," म्हणत वहिनींनी भिंतीकडे बोट केलं. कालनिर्णय १९७३ पासून हीच माहिती खिळ्याला टांगून देतंय. त्याला लॉगिन लागत नाही, म्हणून बहुधा नव्या पिढीचा त्यावर भरवसा नाही.

आकड्यांसाठी मग कीवर्ड प्लॅनर. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तो नेमका आकडा देत नाही, नुसता पल्ला दाखवतो: महिन्याला हजार ते दहा हजार. वहिनी म्हणाल्या, "जेवायला माणसं किती, विचारलं आणि दहा ते शंभर असं उत्तर आलं, तर पातेलं कुठलं काढायचं?" यावर गूगलकडेही उत्तर नसावं. शेजारच्या रकान्यात 'स्पर्धा कमी' असं वाचून पुतण्या हरखला. पण ती स्पर्धा जाहिरातीसाठी बोली लावणाऱ्यांची. कोपऱ्यावरच्या दोन गृहउद्योगांनी कुठे बोली लावलेली असते?

खरी गंमत पुढच्या यादीत होती. चकलीच्या भाजणीचं प्रमाण. चकली मऊ का पडते. चकली तेलात का विरघळते. चकली तुटू नये म्हणून काय करावं. 'विकत' किंवा 'ऑर्डर' असले शब्द शोधत खाली खाली जावं लागत होतं. माझं मत विचाराल तर ती ग्राहकांची यादी नव्हतीच. कढईसमोर उभं राहून, पिठाच्या हाताने फोन चाळणाऱ्या घाबरलेल्या माणसांची ती हजेरी होती. मार्केटिंगवाले याला 'सर्च इंटेंट' म्हणतात आणि त्यावर कोर्स विकतात.

आता मागणीची चाचणी. माल न बनवता पान तयार करायचं, 'ऑर्डर करा' असं बटण ठेवायचं, थोडी जाहिरात द्यायची आणि किती जण बटण दाबतात ते मोजायचं. वहिनींनी साफ नकार दिला. "पीठ नसताना पाटी लावायची?"

पुतण्याने दाखला दिला. १९९९ मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या माणसाने दुकानांत जाऊन बुटांचे नुसते फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन पाठवायचा. त्याचंच पुढे झॅपोस झालं आणि २००९ मध्ये ते ॲमेझॉनने घेतलं.

"बुटाला खवट वास येत नाही," वहिनी म्हणाल्या आणि तांदूळ भाजायला उठल्या.

शेवटी तडजोड झाली. बटण आलं, पण शेजारी वहिनींचा फोन नंबरही आला. 'चकली बिघडली? विचारा.' बटण फारसं कुणी दाबलं नाही. फोन मात्र वसुबारसेपासून खणखणायला लागला. वहिनींचा पहिला प्रश्न ठरलेला: "मोहन किती घातलंत?" पलीकडून ओशाळं मौन. "जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळा, आणि आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत कच्ची राहते, मग मऊ पडते."

पुतण्या हताश. सल्ला फुकट, विक्री शून्य. आणि मग त्याच बायका पुन्हा फोन करू लागल्या, या वेळी दबक्या आवाजात. "काकू, एक किलो तुमचीच पाठवा. पण साध्या पिशवीत हं. घरी सासूबाईंना मी सांगितलंय, मीच भाजली म्हणून."

असा कीवर्ड कुणी टाइप करत नाही, त्यामुळे तो कुठल्याच प्लॅनरमध्ये सापडत नाही. पुतण्याने तोवर सोनेरी लोगोच्या पिशव्या छापून आणल्या होत्या. त्या तशाच पडून आहेत. परवा मला म्हणाला, "काका, बिनछापाच्या पिशव्या घाऊक कुठे मिळतील, काही कल्पना?"

"भाऊजींना काय विचारतोस?" वहिनी आतून ओरडल्या. "गूगल कर!"