किती जाती ओ?

सांगलीच्या विश्रामबागेत कुणी नवी गाडी घेतली की पूर्वी दोन प्रश्न ठरलेले असत. केवढ्याला पडली आणि अ‍ॅव्हरेज किती देते. आमच्या दारात हिरव्या पाटीची छोटी एसयूव्ही आली आणि प्रश्न एकच उरला. भाजीवाला, इस्त्रीवाला, शेजारचे अण्णा, सगळ्यांचा सूर एक: "सर, किती जाती ओ ही?"

याचं उत्तर कंपनी एक देते, गाडी दुसरं देते आणि आमची ही तिसरंच देते. टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी 2020 मध्ये आली तेव्हा कागदावर 312 किलोमीटर होते. 2022 मध्ये मोठी बॅटरी आली, 2023 मध्ये आकडा 465 वर गेला. कागदावरचे किलोमीटर म्हणजे पत्रिकेतला मुहूर्त. मान सगळे देतात, वेळेवर कुणी पोचत नाही. आमची गाडीही त्याच चणीची, नाव कशाला सांगू; चाळीस युनिटची बॅटरी, आणि एसी लावून माणसासारखं चालवलं तर दोनशे ऐंशीच्या आसपास जाते.

चाळीस युनिट म्हणजे वीजबिलातलेच युनिट, हे कळल्यावर घरात शांतता पसरली. आमचं महिन्याचं बिल एकशे वीस युनिटचं. म्हणजे दहा दिवस आमचे पंखे, मिक्सर, टीव्हीवरच्या मालिका चालतील एवढी वीज ही बया एका दमात पिणार. हिनं लगेच गिझरचं बटण बंद केलं. मग मी वहीत हिशेब मांडला. रोजचं आमचं जाणं किती? मंडई, बँक, मिरजेला डॉक्टर, जाऊन येऊन पंधरा किलोमीटर. त्याला युनिट लागतात दोन. म्हणजे गिझर तासभर चालतो तेवढेच. गिझर पुन्हा सुरू झाला.

तरी घेताना आम्ही पंधरा किलोमीटरचा विचार केलाच नव्हता. विचार होता पुण्याचा. लेक तिकडे, वर्षातून तीनदा जाणं. घरोघरी माळ्यावर पन्नास माणसांच्या आमटीचं पितळी पातेलं पालथं पडलेलं असतं ना, तसंच हे. रोज शिजतं दोघांपुरतं, पण पातेलं घेताना डोळ्यांसमोर पंगत असते.

पुणे इथून दोनशे तीसेक किलोमीटर. कागदाप्रमाणे एका दमात जाऊन वर शनिवारवाड्याला दोन चकरा मारता याव्यात. पण पेठ नाक्याला महामार्ग लागला की माझा पाय जड होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, हे मी तीस वर्षं पोरांना फळ्यावर शिकवलं. मला स्वतःला ते कराडच्या पुढं समजलं. शंभरनं हाणली की टक्के उन्हातल्या बर्फासारखे विरघळतात, ऐंशीला आलं की जरा धरतात. ट्रकवाले मागून हॉर्न देतात. देऊ देत. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतार लागला आणि पाय काढला, की चाकंच उलट वीज भरू लागतात. एकदा तिथं एक टक्का वाढला. ही म्हणाली, "बघा, माहेरच्या वाटेवर गाडीलाही बळ येतं." हिचं माहेर पुण्याचं. येताना मात्र घाट चढावा लागतो आणि मिळालेला टक्का व्याजासकट परत द्यावा लागतो.

पहिल्या खेपेला साताऱ्याच्या अलीकडे एका चार्जरपाशी वळलो, तर त्याच्यावर कापड पांघरलेलं. पुढच्या ठिकाणी चालू होता, पण समोर एक गाडी लावून मालक जेवायला गेलेले. तेव्हापासून निघण्याआधी फोनवर दोन जागा हेरून ठेवतो. ऐंशी टक्क्यांपर्यंत तासाभरात भरते, पुढं वेग मंदावतो. बाटलीत नरसाळ्यानं रॉकेल ओतताना गळ्याशी आलं की हात हलका करायचो, तसंच. तेवढ्या तासात आमचे डबे सुटतात. धपाटे, दही, भडंग. इतकी वर्षं पुण्याला जाताना आम्ही गाडीतच कोंबून खात होतो.

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. कोळशाची इंजिनं पाणी प्यायला थांबायची, आम्ही पोरं त्या पाण्याच्या नळाची सोंड बघत उभी राहायचो. आगगाडी सारखी तहानते म्हणून कुणी तिला नावं ठेवल्याचं आठवत नाही.

घरी चार्जिंग सोपं, असं म्हणतात. सोपंच आहे, पार्किंगमध्ये 15 ॲम्पिअरचा प्लग आपल्या मीटरवरून आणायचा, बस्स. पण त्यासाठी सोसायटीच्या तीन सभा झाल्या. एका सदस्यांना शंका, रात्रभर वीज ओढली तर त्यांची लिफ्ट मधेच अडकेल. वायरमननं समजावलं, शेवटी लिफ्टमध्ये उभं राहून दाखवलं. आता रात्री दहाला लावतो, सकाळी सहाला काढतो, वीसेक युनिट सहज जातात.

खरा सांगलीकर प्रश्न मात्र गावभागातल्या मेहुण्यानं विचारला: "पुरात काय?" इथं पावसाळ्यात लोक घड्याळ बघत नाहीत, आयर्विन पुलापाशी नदीची पातळी बघतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं आणि मेहुण्याचं अख्खं घर, मांजरासकट, आमच्याकडं विश्रामबागेत आलं. बॅटरीच्या पेटीवर आयपी 67 असं लिहिलेलं असतं; त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास. मेहुणा म्हणाला, "आमच्याकडं पाणी आठवडाभर मुक्कामाला असतं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कोयनेचं जे पाणी पश्चिमेला पोफळीकडं वळतं त्याची वीज होते, आणि जे धरणातून खाली सोडतात ते कराडच्या संगमावरून आमच्या दारात येतं. एकच बाई, एका हातानं दिवा लावते, दुसऱ्या हातानं विझवते.

काल संध्याकाळी प्लग लावत होतो. अण्णा फेरफटका मारून आले, गाडीला नेहमीसारखी एक प्रदक्षिणा घातली. "सर, खरं सांगा. किती जाती ओ?"

म्हटलं, "मिरजेपर्यंत."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "आणि परत?"