पहिल्या उचलीतला कॉम्प्युटर

॥ श्री ॥

डॅलस, टेक्सास
१८ जानेवारी २०२६

ती. आप्पा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही सगळे इथं खुशाल आहोत. संक्रांतीचा तिळगूळ इथल्या दुकानात मिळाला, पण तो फोडायला अडकित्ता लागला. आईनं पाठवलेली लसणाची चटणी संपत आली आहे. म्हणून ती सध्या तुमच्या सूनबाईच्या ताब्यात असते.

तुमचा निरोप मिळाला. ‘पोरगं उसाच्या पहिल्या उचलीतून पन्नास हजार मागतंय, कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतः जोडणार म्हणतंय, तू बघून सांग.’ खाली दादाच्या पोराच्या, म्हणजे बारक्याच्या, वहीतल्या पानाचा फोटो. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करतो म्हणजे त्याला कॉम्प्युटर उघडताही येत असणार, असा तेलगावात समज आहे. तो तसाच राहू द्या, फाट्यावर मला मान मिळतो. खरं सांगायचं तर ते पान मी थोरलीच्या हातात दिलं. ती नववीत आहे, स्वतःचं मशीन तिनं स्वतः जोडलंय आणि घरातल्या कुणाला त्याला हात लावू देत नाही.

तिनं पान वाचलं आणि आईला हाक मारली. “आई, बारक्यादादाच्या यादीत सात पंखे आहेत.”

सात पंखे, काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे दिवे, इंटेलचा आय-नाइन प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एक पट्टी, ‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड’ आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात बारीक अक्षरात: ‘एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट’. सूनबाई म्हणाली, “एवढ्या पंख्यांत ओसरीवर पाहुण्यांची सोय झाली असती.”

आप्पा, आधी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करू. दादा म्हणतो मशीन अभ्यासासाठी, तुम्ही म्हणता सातबारा काढायला, वहिनी म्हणते पोरगं वाया जायला. डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवरही निघतो. अकरावीच्या अभ्यासाला काचेचं कॅबिनेट लागत नाही. वहिनीच्या कामाला तर हातातला फोन पुरेसा आहे. मशीन गेम खेळायला हवंय. एकदा हे कबूल केलं की पैसा कुठं घालायचा ते आपोआप ठरतं. बारक्याला मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळायचंय, जीटीए फाइव्ह खेळायचंय आणि एखादा क्रिकेटचा गेम. व्हॅलोरंट फुकट आहे आणि साध्या मशीनवरही पळेल असाच बनवलाय. जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर आला २०१५ साली. यातल्या कशालाही आय-नाइन लागत नाही.

त्याच्या यादीचं दुखणं तुम्हाला एका वाक्यात कळेल. दांडग्या खोंडाला थकलेल्या बैलाशेजारी जुंपलं तर गाडी थकलेल्याच्या चालीनं जाते, आणि खोंडाची पेंड मात्र आपण भरतो. इथं खोंड आहे आय-नाइन आणि थकलेला बैल आहे ते ‘४ जीबीचं’ कार्ड. मी दुकानाचं नाव विचारलं नाही, पण बारक्यानं पाठवलेल्या कार्डाच्या फोटोवर जीटी ७३० असं लिहिलंय. ते कार्ड २०१४ सालचं. त्यावर मेमरी चार जीबी आहे हे खरं, पण ती भरायला लागणारी ताकद त्या चिपमध्ये नाही. खोक्यावर जीबीचा आकडा मोठा छापतात, कारण गिऱ्हाईक तेवढाच वाचतं.

म्हणून थोरलीनं यादी उलट्या बाजूनं लिहायला घेतली. तिचं म्हणणं असं की पहिल्या उचलीत ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही.

हे ऐकून बारक्या फोनवर बराच वेळ गप्प राहिला. आपल्या आणि आमच्या घड्याळात सध्या साडेअकरा तासांचा फरक आहे, त्यामुळे तो रुसला तेव्हा तिकडं रात्र झालेली. थोरलीनं त्याला समजावलं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर आहे, २०२१ सालचा. त्याच्यात सहा कोअर आहेत आणि चित्र दाखवणारी चिप प्रोसेसरच्या पोटातच आहे. यादीतल्या त्या जुन्या कार्डापेक्षा ही पोटातली चिप जास्त चपळ. व्हॅलोरंट तिच्यावर मजेत चालतो, जीटीए फाइव्ह सेटिंग खाली आणून चालतो. डोकं गार ठेवणारा पंखाही खोक्यातच येतो, त्याला लावायची पेस्ट आधीच लावलेली असते. म्हणजे सातपैकी एक पंखा फुकट मिटला. इंटेलचाच घ्यायचा हट्ट असेल तर मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ आहे का ते मात्र बघावं. त्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसते, कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. मग दादा म्हणणार, पन्नास हजारांचा काळा पडदा.

रॅम. आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, सोळाची एक नाही. पोटातल्या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच उसनं घेते. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माल येतो आणि गेममध्ये तो फरक डोळ्यांना दिसतो. पण रॅमबद्दल वाईट बातमीही आहे. गेल्या दिवाळीच्या आसपास भाव चढायला लागले ते थांबले नाहीत. एआयची मोठमोठी केंद्रं उभी राहताहेत, रॅम बनवणाऱ्यांचा माल तिकडं चाललाय. क्रुशल हे नाव तुम्हाला माहीत नसेल, घरगुती गिऱ्हाइकांची रॅम विकणारा मोठा ब्रँड. त्याच्या मालकानं, मायक्रॉननं, हा किरकोळ धंदाच बंद करणार असं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. म्हणजे जगातल्या कुठल्यातरी यंत्राला प्रश्नांची उत्तरं देता यावीत म्हणून तेलगावातल्या पोराची पट्टी महागली. दादा साखरेच्या भावावर जे बोलतो तेच त्यानं रॅमलाही लागू करावं.

हार्ड डिस्क नको. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, ती मदरबोर्डवरच बसते, वायर नाही की पेटी नाही. मदरबोर्ड बी५५० चिपचा साधा. त्याच्यावर पुढं कार्ड बसवायची जागा असते, आणि दुसरी उचल आली की तिथंच आपल्याला काम आहे. मॉनिटर १०८० पी, आयपीएस, एवढं बघायचं.

‘माजलगावात ओळखीच्याकडं जुना ऑफिसचा कॉम्प्युटर स्वस्तात मिळतोय’ असं दादानं सुचवलंय. दादाची काटकसर मला आवडते, पण हा सौदा नको. विंडोज १०ची साथ मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला सोडली. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती तसल्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसते. आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटही तीच सोय मागतो. म्हणजे अभ्यास होईल पण गेम होणार नाही. वहिनीला हे कळू देऊ नका, ती लगेच तेच मशीन आणायला सांगेल.

जुन्या ग्राफिक्स कार्डांचाही असाच एक बाजार आहे. इथेरियम नावाचं आभासी नाणं काढायला लोकांनी ही कार्डं रात्रंदिवस राबवली. १५ सप्टेंबर २०२२ला त्या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांचं काम संपलं आणि ती सगळी जुन्या बाजारात उतरली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखा घासलेला आणि वॉरंटी संपलेली असली तर स्वस्तही महाग पडतं. हे दुसऱ्या उचलीच्या वेळी लक्षात ठेवा.

आता त्या फुकटच्या एसएमपीएसकडं येतो. आप्पा, सगळ्या यादीत मला त्याचीच धास्ती आहे. भिंतीतली वीज आत येऊन सगळ्या भागांना वाटून द्यायची ही पेटी. तिच्यावर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं, पण ती खरोखर तेवढी देते का ते कोणी मोजत नाही, आणि जाताना ती शेजारच्या भागांनाही घेऊन जाऊ शकते. पंख्यांचे, काचेचे, दिव्यांचे पैसे काढा आणि इथं घाला. नावाजलेल्या कंपनीची, ८० प्लस ब्राँझ लिहिलेली, साडेपाचशे वॅटची. पुढं कार्ड आलं तरी तीच पुरेल. जुन्या स्वस्त पेटीच्या पाठीवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटण असतं. ते ११५वर असताना आपल्याकडच्या सॉकेटला लावलं तर पहिल्याच दिवशी धूर निघतो. इथली घरं १२० व्होल्टची, तिकडची २३०ची, त्या बटणाला दोन्ही देशांची ओळख असते पण अक्कल नसते. चांगल्या पेटीला बटणच नसतं, ती आपली आपण ओळखते.

विजेबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. परळीत वीज तयार होते ती आपल्या शिवारावरून पुढं जाते, हे तुम्ही माझ्या लहानपणापासून सांगत आलात. शेतीच्या लायनीला वीज आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. त्यासाठी यूपीएस घ्या. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तोही थोड्याच मिनिटांसाठी. तो गेम पुढं खेळायला नाही, नीट बंद करायला आहे. हे वाक्य बारक्याकडून तीनदा म्हणवून घ्या.

आणि अर्थिंग. हे काम मात्र तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. घरातल्या सॉकेटचं तिसरं भोक बहुतेक वेळा शोभेला असतं, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि पोरं म्हणतात ‘मशीनमध्ये पावर आहे’. विहिरीच्या मोटारीला तुम्ही खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं होतं, तसंच घरामागं करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जाईल तेव्हा मशीन पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. कॅबिनेट साधं, पुढून जाळीचं घ्या. धूळ येणारच, महिन्याला ब्रशनं झाडा. काचेतून आतली धूळ बघायला पैसे देऊ नका.

दादानं विचारलंय, ‘तिकडून कार्ड आण की, तिकडं स्वस्त असतं.’ इथं डॅलसमध्ये मायक्रो सेंटर नावाचं मोठं दुकान आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्र घेतले तर सूट देतात, म्हणून थोरलीला तिथं नेणं मी टाळतो. पण फळीवर लिहिलेल्या किमतीत इथला कर धरलेला नसतो, तो टेक्सासमध्ये सव्वाआठ टक्क्यांपर्यंत जातो. मोठ्या माणसामागं एक लॅपटॉप कस्टमवाले करमाफ सोडतात, सुटं कार्ड मात्र सामानाच्या साध्या मर्यादेत मोजतात. वर इथल्या खरेदीची वॉरंटी तिकडं चालेलच असं नाही. कार्ड बिघडलं तर ते परत इथं आणायला मलाच यावं लागेल, आणि तेवढ्या तिकिटात दादाला दोन मशीनं होतील. तेव्हा सगळं तिकडंच घ्या, १८ टक्के जीएसटीसकट पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणारा वॉरंटीही बिलाशिवायच देतो. मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, सगळे भाग एका गल्लीत मिळतात. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, तो वाद मिटवायला कामाला येतो.

जोडायचं काम त्याला करू द्या. थोरली व्हिडिओ कॉलवर बसेल. या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात, त्यांना बोट लावायचं नाही. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो अलगद आपल्या वजनानं बसला पाहिजे. बसला नाही तर दाबायचा नाही. दादाला त्या वेळी शेतात पाठवा, तो दाबेल.

राहिला प्रश्न दुसऱ्या उचलीचा. वहिनीनं अट घातली आहे की ग्राफिक्स कार्ड बारावीची परीक्षा झाल्यावर. बारक्याला हा अन्याय वाटतोय. पण कार्डाशिवाय मशीन चालू होतंय, खेळायच्या दोन-तीन गोष्टी चालताहेत, जागा आणि एसएमपीएस तयार आहे, आणि तोवर आठ जीबीचं आरएक्स ६६००सारखं कार्ड कदाचित आणखी उतरेल. वहिनीनं एकही माहितीपत्रक न वाचता तोच सल्ला दिला जो थोरलीनं सगळी वाचून दिला. तिला हे सांगा, खूश होईल. बारक्याला सांगू नका.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
धाकटा

ता. क. मशीन चालू करायच्या आधी आई पूजा करणारच. नारळ अंगणात फोडावा, हळद-कुंकू वरच्या जाळीवर नको, पंखा ते थेट आत ओढतो. स्वस्तिक कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर काढा. काच नसल्याचा तेवढा एक फायदा आहे.