टकलांचं थेट प्रक्षेपण

कॅमेऱ्याच्या बुडाशी स्टँडसाठी जे भोक असतं, त्याचं माप जगभर ठरलेलं आहे. पाव इंच जाडी, इंचाला वीस आटे. जपानी असो की चिनी, भोक तेच. माणसांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या पेढीत या एकमताची गाठ फिटरच्या खिशातल्या सहा एमएमच्या बोल्टाशी पडली. हा बोल्ट पहिले एक-दोन आटे अगदी शहाण्यासारखा आत जातो. मग अडतो. मग फिटर पान्हा लावतो आणि म्हणतो, "बसतंय की ओ सायेब, न बसून जातंय कुठं?" बसला. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. वरचे ०.३५ मिलिमीटर आता कॅमेऱ्याच्या मानेत कायमचे वस्तीला आहेत.

खोली जुनी, माळवदाची. भिंत पांढऱ्या मातीची, दोन हात रुंद. ड्रिल लावलं की भोक पडत नाही, खड्डा पडतो, आणि त्यात ठोकलेली गिट्टी बोटानं बाहेर येते. ब्रॅकेटच्या खोक्यात चार स्क्रू, चार गिट्ट्या आणि सहा भाषांतलं माहितीपत्रक होतं. मातीची भिंत एकाही भाषेत नव्हती.

व्हिडिओ मीटिंगचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असावा. आमच्याकडे चार फुटांवर तिजोरी आहे. तिच्या वर थोरल्या मालकांची तसबीर. तसबिरीच्या वर टीव्ही. तिजोरी हलत नाही आणि तसबीर हलवा असं म्हणणारा अजून नोकरीला लागलेला नाही. तेव्हा कॅमेरा गेला थेट तुळईला, उलटा लटकून.

उलटं चित्र सुलटं करायची सोय कॅमेऱ्यात असते. ती रिमोटमध्ये आहे आणि रिमोट तिजोरीत. पहिली मीटिंग छतावर बसूनच झाली. आता आम्ही सुलटे दिसतो, पण वरून. मुंबईचा एक्स्पोर्टर आमच्याशी गेले कित्येक महिने बोलतो आहे. आमच्यापैकी कुणाला केस किती राहिलेत हे तो बिनचूक सांगेल, चेहरा ओळखणार नाही.

शिवाय पंखा. तो कॅमेरा आणि आमच्या मधोमध आहे, त्यामुळे दर भावाला एक पातं आडवं जातं. एप्रिलात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. अशा वेळी पंखा बंद करा म्हणणारा माणूस पेठेत तरी भेटायचा नाही. वर माळवदावर वाळवण घालायला कुणी चढलं, की तुळई हलते, मान हलते, आणि आम्ही सगळे एकदम नकार दिल्यासारखे डुलतो. एकदा तर याच कारणानं समोरच्यानं भाव स्वतःहून वाढवला. तेव्हापासून कॅमेरा दुरुस्त करायचा विषय मालकांनी बंद केला आहे.

बाकी ज्यांच्या घरी वाळवण नसेल, त्यांना विनंती: इंचाला वीस आट्यांचा बोल्ट आधी आणून ठेवा. आणि फिटरला शिडीवर चढवण्याआधी पाच मिनिटं खुर्चीत बसवा.